मेमरी कार्डाची जमाबंदी

छायाचित्रणाच्या सहलीस निघणाऱ्या गृहस्थाने कोणती भिंगे बरोबर घ्यावीत, तिपाईचे ओझे वाहावे की हाताच्या स्थैर्यावर विसंबावे, आणि घरून पोळीभाजी न्यावी की वाटेतल्या मिसळीवर निर्वाह करावा, या प्रश्नांचा ऊहापोह आपल्याकडे विद्वज्जनांनी पुष्कळ केलेला आहे. परंतु दिवसभराची सारी कमाई ज्या चिमुकल्या चौकोनी तुकड्यात साठवायची, त्या मेमरी कार्डाची क्षमता किती असावी, या मूलगामी प्रश्नाची वासलात मात्र दुकानाच्या काउंटरपाशी उभ्या उभ्या, ‘सगळ्यात मोठे कोणते आहे?’ एवढ्या एका पृच्छेने लावली जाते. हा अन्याय दूर व्हावा, या हेतूने पुढील कलमे योजिली आहेत. कलमांना अनुक्रमांक दिलेले नाहीत. कारण अनुक्रमांक दिले की लोक पहिले कलम वाचतात, शेवटचे वाचतात, आणि मधल्या मजकुराचा अंमल आपल्यावर नाही असे समजतात.

प्रथम मापाचा खुलासा करणे प्राप्त आहे. ६४ जीबी असे ठसठशीत छापलेले कार्ड घरी आणून संगणकाला लावले की तो बहुधा ५९.६ एवढाच आकडा कबूल करतो, आणि उरलेल्या साडेचार जीबींचा संशय दुकानदारावर जातो. दस्तुरी म्हणून त्याने मधल्या मध्ये काही काढून घेतले असावे, अशा मुद्रेने पुष्कळ सभ्य माणसे दुसऱ्या दिवशी पावती घेऊन त्याच्या दारात उभी राहतात. वस्तुतः यात कोणाचाच कसूर नाही. कार्डाचे कारखानदार जीबी मोजताना हजाराच्या पटीने चढत जातात आणि पुष्कळसे संगणक १०२४ च्या पटीने. जुन्या काळी एका पेठेतला कच्चा शेर आणि दुसऱ्या पेठेतला पक्का शेर यांत जो भेद असे, त्याच जातीचा हा भेद आहे. सुज्ञाने आरंभीच शेकडा सात तूट मंजूर करून ठेवावी आणि दुकानदाराशी असलेले संबंध अबाधित राखावेत.

आता आकारणी. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल सुमारे ३० एमबी जागा घेते, आणि उत्तम प्रतीची जेपेग सुमारे १० एमबी. रॉ म्हणजे संवेदकाने पाहिले तसे, संस्कार न झालेले मूळ दप्तर, आणि जेपेग म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःच्या मुखत्यारीत निकाल लावून काढलेली नक्कल. ज्यांचा कॅमेऱ्याच्या न्यायबुद्धीवर विश्वास आहे ते नक्कल घेतात, ज्यांचा स्वतःच्या न्यायबुद्धीवर आहे ते दप्तर घेतात, आणि ज्यांचा दोहोंवरही नाही ते दोन्ही घेतात. आमच्या पाहण्यात हा तिसरा वर्गच बहुसंख्य आहे. तूट वजा जाता ६४ जीबीच्या कार्डावर पहिल्या वर्गाची सुमारे ६,०००, दुसऱ्याची २,००० आणि तिसऱ्याची १,५०० चित्रे मावतात. ४५ मेगापिक्सेलचा कॅमेरा बाळगणाऱ्यांनी प्रत्येक फाइलचे वजन पावणेदोन पटीने वाढवून धरावे आणि त्याबद्दल तक्रार करू नये, कारण तो कॅमेरा त्यांनी स्वखुशीने घेतलेला आहे.

रोलच्या अमदानीत हा प्रश्नच उपस्थित होत नसे. ३५ मिलिमीटरच्या रोलात ३६ चित्रे असत. सदतिसावे निघाले तर तो प्रसाद मानला जाई. चित्रांचे विपुल उत्पादन त्या काळीही होत असे, परंतु त्याला कारण लागे. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे ३,७०० फूट लांबीचा होता, आणि त्या जातीच्या फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात. म्हणजे सबंध चित्रपट झाला ५९,२०० चौकटींचा, आणि त्यासाठी कोऱ्या फिल्मच्या कडांना अंधारात बसून छिद्रे पाडण्याचे काम सरस्वतीबाई फाळके यांनी आपल्या हातांनी केले होते. सेकंदाला २० चित्रे घेणारा आजचा कॅमेरा हाच ऐवज ५० मिनिटांच्या आत जमा करू शकतो. फाळक्यांच्या चौकटींना कथानक होते, हा भेद तूर्त बाजूस ठेवू.

स्थलपरत्वे आकारणी बदलते. साताऱ्याजवळचे कासचे पठार, जे २०१२ साली पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले, तेथे भाद्रपदाच्या सुमारास जाणाऱ्याला लहान कार्ड पुरेल असे प्रथमदर्शनी वाटते. कारण फूल उडून जात नाही. परंतु फूल स्थिर असले तरी वारा स्थिर नसतो, आणि सीतेची आसवे नावाचे ते इवलेसे जांभळे फूल टिपण्यासाठी चिखलात पालथा पडलेला मनुष्य, मघाचे हलले असेल, याही वेळी हलले असेल, अशा शंकेने एकाच फुलाची चाळीस चित्रे घेतल्याखेरीज उठत नाही; उठल्यावर कपड्यांची जी अवस्था दिसते तिची भरपाई म्हणून आणखी दहा घेतो. धुके उतरले की पठार दिसेनासे होते आणि धुक्याची चित्रे सुरू होतात. ती परस्परांशी इतकी एकरूप असतात की त्यांतली कोणती ठेवावी हा वाद कोणत्याही पंचायतीत निकालात निघणार नाही. कासला ३२ जीबी पुरेत. सात वर्षांनी टोपली कारवी फुलते त्या वर्षी मात्र ६४ न्यावेत, कारण पुढची संधी येईपर्यंत गुडघ्यांची अवस्था काय असेल ते आज सांगता येत नाही.

भिगवणचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, आणि ते पाहण्यासाठी पुण्याहून पहाटेच्या अंधारात निघालेली मंडळी उजाडता उजाडता कुंभारगावच्या काठावरून होडीत बसतात. रोहित पक्षी स्वभावतः अत्यंत चिकाटीचा कर्मचारी आहे. वाकडी चोच उलटी करून तो उथळ पाण्यातला गाळ गाळीत राहतो, तासन्‌तास तेच करतो, आणि त्याच्या या दप्तरदिरंगाईत छायाचित्रकाराला हवी असलेली घटना, म्हणजे पंखांखालचा तो लाल-काळा रंग उघडा करून सबंध थव्याने एकदम उठणे, ही दृष्टिपथात येत नाही. मग तो ‘न जाणो, आता उठतील’ या भयाने गाळ उपसणाऱ्या पक्ष्यांचीच चित्रे घेत सुटतो. मान खाली असलेला पक्षी, मान आणखी खाली असलेला पक्षी, मान मुळीच नसलेला पक्षी, अशी चढती भाजणी लावतो. आणि कार्ड बदलण्यासाठी पिशवीत हात घालतो त्याच क्षणी थवा उठतो. याउलट वल्ही हातात धरून बसलेले होडीवाले काका जन्मभर याच पाण्यावर मासेमारी केलेले असतात. माना वर झाल्या, सगळ्यांचे मोहरे एका दिशेला वळले, पावले भरभर पडू लागली, की ‘आता तयार राहा’ असे ते शांतपणे सांगतात, आणि अर्ध्या मिनिटात पक्षी पाण्यावर धावू लागतात. यावरून जो सिद्धांत निघतो तो असा, की कार्डाची आवश्यक क्षमता होडीवाल्यावरील विश्वासाच्या व्यस्त प्रमाणात असते. संपूर्ण विश्वास असणाऱ्यास १६ जीबी पुरतात. जो काकांनाच पक्ष्यांविषयी माहिती देऊ लागतो, त्याने २५६ घ्यावेत. उडती चित्रे हवीत म्हणून जादा पैशांचे आमिष दाखवून होडी थव्यात घालायला लावणारेही काही महाभाग असतात; त्यांना किती जीबी लागतात याची आकारणी प्रस्तुत लेखकाने करण्याऐवजी वनखात्याने करावी हे उचित.

ताडोबात क्षमतेइतकाच वेगाचा विचार कर्तव्य आहे. जिप्सीतून पहाटे आत शिरलेला मनुष्य पहिले तीन तास चितळ, वानरे आणि इतर जिप्सींतली माणसे टिपतो. मग कोठेतरी सांबर ओरडते, गाइड बोट ओठावर ठेवतो, सगळ्या गाड्या एका वळणावर कोंडाळे करतात, आणि वाघ रस्ता ओलांडतो. या ओलांडण्याला दहा सेकंद लागतात असे धरू. सेकंदाला २० या दराने २०० रॉ फाइली झाल्या, म्हणजे ६ जीबी. कॅमेऱ्याच्या तात्पुरत्या साठ्यात एवढ्या मावल्या असे उदार मनाने गृहीत धरले, तरी सेकंदाला ८० एमबी लिहिणाऱ्या कार्डावर त्या उतरायला सव्वा मिनिट लागते. त्या सव्वा मिनिटात कॅमेरा मंदावतो, आणि वाघाला आणखी काही करावयाचे असेल तर ते तो नेमके तेव्हाच करतो. कार्डावर जो सर्वांत मोठा आकडा छापलेला असतो तो बहुधा वाचण्याच्या वेगाचा असतो, आणि कारखानदार लिहिण्याचा वेग सांगताना एकाएकी मितभाषी होतात. म्हणून व्ही हे अक्षर आणि त्यापुढचा आकडा शोधावा. व्ही ३० म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी सलग लिहिण्याची हमी, व्ही ६० म्हणजे ६० ची, व्ही ९० म्हणजे ९० ची. यांतली शेवटची हमी घेताना घरातल्या मंडळींना किंमत सांगण्याचा प्रसंग टाळता आल्यास टाळावा.

सोमवती अमावस्येला जेजुरीस जाणाऱ्याने एकच मोठे कार्ड घालून कॅमेऱ्याचे झाकण लावावे आणि खंडोबाची पालखी कऱ्हेवर जाऊन परत येईपर्यंत ते उघडू नये. भंडाऱ्याच्या उधळणीत कार्डाच्या खाचेत शिरलेली हळद दुरुस्तीवाल्याच्या चिमट्यालाही दाद देत नाही. चलच्चित्रण करणाऱ्यांसाठी हिशेब सोपा आहे: सेकंदाला १०० मेगाबिट या दराने तासाला ४५ जीबी. १२८ चे कार्ड पुरते. हात पुरत नाहीत.

येथवरची सारी आकारणी सकाळच्या बाजूने झाली. आमच्या मते ती संध्याकाळच्या बाजूने व्हावयास हवी. परत आल्यावर, आंघोळ आणि जेवण उरकून, संगणकापुढे बसून आपण स्वतः किती चित्रे पाहू, हा प्रश्न सहलीपूर्वी एकांतात आणि शक्यतो लेखी सोडवावा. एका चित्राला तीन सेकंद म्हटले तरी २,००० चित्रांना शंभर मिनिटे होतात; आणि ज्या मनुष्याने स्वतःच्या मुलीच्या लग्नातली चित्रेही अद्याप सबंध पाहिलेली नाहीत, तो गाळ गाळणाऱ्या पक्ष्यांपुढे शंभर मिनिटे बसेल, हे संभवत नाही. तो कार्ड तसेच ठेवतो आणि पुढच्या सहलीला नवे घेतो. अशा रीतीने घराच्या खणात कार्डांची जंगी रुमाल-दप्तरे साचत जातात, ज्यांत काय आहे हे कोणासही ठाऊक नसते आणि जी रद्द करण्याचा अधिकारही कोणास नसतो. म्हणून नियम असा: निजण्यापूर्वी जेवढी चित्रे पाहवतील तेवढ्यांची जागा अधिक तितकीच जागा प्रमादांसाठी, एवढीच क्षमता विकत घ्यावी. या नियमाने बहुतेकांचे उत्तर ३२ जीबी येते. हे उत्तर कोणालाच आवडत नाही, आणि सर्व जण ६४ घेतात. आम्हीही हरकत घेत नाही.

एक मोठे कार्ड घ्यावे की अनेक लहान, यावर दोन पंथ आहेत. मोठ्या कार्डाचे अनुयायी म्हणतात की लहान कार्डे हरवतात, आणि ते खरे आहे; लहान कार्डांचे अनुयायी म्हणतात की मोठे कार्ड बिघडले तर सर्वस्व जाते, आणि तेही खरे आहे. ज्यांच्या कॅमेऱ्यात दोन खाचा आहेत त्यांनी दोन्ही कार्डांवर एकच मजकूर लिहिण्याची तजवीज करून वादातून अंग काढून घ्यावे. मात्र नवे कार्ड घेण्यापूर्वी जुन्या कॅमेऱ्याची मर्जी विचारावी. २ जीबीपर्यंतची मूळ एसडी, ३२ पर्यंतची एसडीएचसी, २ टीबीपर्यंतची एसडीएक्ससी आणि त्यापुढची एसडीयूसी असे या जातीचे चार थर आहेत, आणि फार जुना कॅमेरा वरच्या थरातल्या कार्डाला ओळखही देत नाही. चित्रे दोन ठिकाणी उतरल्याची खात्री पटल्याशिवाय कार्ड कोरे करू नये, आणि करायचे ते कॅमेऱ्यातच करावे; एकेक चित्र पुसत बसण्यात होडीतला वेळ जातो आणि बोट कधी चुकीच्या चित्रावर पडते ते कळत नाही.

आता राहिले उसनवारीचे कलम. छायाचित्रण मंडळाच्या प्रत्येक सहलीत दुपारी बाराच्या सुमारास एखादे सद्गृहस्थ रिकाम्या मुद्रेने जवळ येतात आणि जादा कार्डाची दरखास्त करतात. ती नामंजूर करणे असभ्यपणाचे. परंतु दिलेले कार्ड तीन महिन्यांनी परत येते ते त्यांच्या भाच्याच्या बारशासह, आणि ते बारसे पुसण्याचा हक्क आपणास आहे किंवा नाही, याविषयी कोठेच निर्णय झालेला नाही. म्हणून मुद्दाम उसने देण्यासाठी एक २ जीबीचे जुने कार्ड पिशवीत बाळगावे. रॉ आणि जेपेग मिळून त्यावर पन्नासेक चित्रे बसतात, म्हणजे रोलच्या काळाहून काही अधिकच. घेणारा प्रथम खट्टू होतो, मग मोजू लागतो, आणि तिसऱ्या प्रहरी होडीवाल्या काकांशेजारी जाऊन बसतो. त्या पन्नासांतले एखादे चित्र मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात लागले, तर चौकटीखाली कार्डदात्याचेही नाव घालावे, अशी मागणी कार्यकारिणीकडे दोन प्रतींत लेखी करावी. तोंडी मागण्या मंडळाच्या दफ्तरी नोंदल्या जात नाहीत.