‘ना लायसन, ना पासिंग’वाल्या शेठना अनावृत पत्र

शेठ,

तुमचं इलेक्ट्रिक स्कूटरचं दुकान खामगावात आहे, चिखलीत आहे की मलकापुरात, ते इथं लिहीत नाही. फ्लेक्स सगळीकडे सारखाच आहे: ‘ना लायसन, ना पासिंग, ना पेट्रोल’. खाली बिनहेल्मेटची एक शाळकरी पोरगी स्कूटरवर बसून हसते आहे.

आधी तुमचे आभार. पूर्वी संग्रामपूर-जळगाव जामोदच्या माणसाला लायसनसाठी कॅम्पची तारीख धरावी लागे, नाही तर घाट चढून बुलढाण्याला यावं लागे. 1972 साली आलेल्या 50 सीसीच्या लुनालासुद्धा नंबर लागायचा. ती सगळी कटकट तुम्ही एका फ्लेक्सवर मिटवलीत. आरटीओ ऑफिसात नुसते पंखे फिरत राहतील अशी ही जनसेवा आहे.

बरं, तुमचा फ्लेक्स धडधडीत खोटाही नाही. तो अर्धा खरा आहे, आणि खरी कारागिरी तिथंच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मध्ये अशी सवलत खरोखरच आहे. मोटारीची ताकद 250 वॅटच्या आत, वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत, बॅटरी सोडून वजन 60 किलोपर्यंत, आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेची मंजुरी, एवढं असलं की ती गाडी कायद्याच्या लेखी मोटार वाहनच नाही. जवळजवळ सायकलच. मला विचाराल तर आपल्याकडच्या कायद्यांत इतकी समजूतदार तरतूद क्वचितच सापडते. गुडघे गेलेल्या गुरुजींना, भाजी आणायला निघालेल्या काकूंना ती म्हणते, या, रस्ता तुमचाही आहे. फक्त सायकलच्या चालीनं चला.

पण सायकलच्या चालीनं चालायला गिऱ्हाईक तुमच्याकडे येतच नाही. चार दिवसांनी ते परत येतं आणि म्हणतं, ‘‘शेठ, पयतच नाही बाप्पा!’’ तुम्ही हसता आणि पोराला हाक मारता. पोरगं सीट उचलतं, कंट्रोलरमधून निघालेल्या वायरींच्या गुंत्यात बोट घालतं, वेग बांधून ठेवणारी एक जोड शोधतं, सोडवतं आणि वर काळी टेप गुंडाळतं. चहा येईपर्यंत काम झालेलं असतं. ‘‘घ्या, मोकळी केली.’’ गाडी आता पंचेचाळीसला टेकते. बिलावर मात्र 25 च, मोटारीच्या स्टिकरवर 250 च. ज्या जिल्ह्यात खामगावची चांदी शुद्धतेवर विकली जाते, त्याच जिल्ह्यात तुम्ही असा कस लावता, याचं कौतुक वाटतं.

आता एक गंमत सांगतो. ती वायर सुटते त्या क्षणी तुमची सायकल मोटार वाहन होते. मग तिला नोंदणी हवी, विमा हवा, चालवणाऱ्याला लायसन आणि हेल्मेट हवं. गिऱ्हाईकानं आनंदाच्या भरात ती नववीतल्या पोट्ट्याच्या हाती दिली, तर मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनं आलेलं कलम 199 अ लागतं. पालकाला 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. पोट्ट्याला वयाच्या 25 व्या वर्षापर्यंत लायसन नाही. म्हणजे वेगाचा एक पंचवीस चुकवायला गेलं की कायदा दोन पंचवीस वसूल करतो. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द करायचीही तरतूद आहे. पण मुळात नोंदणीच नसल्यामुळे तेवढी शिक्षा तुम्ही वाचवलीत, हे मान्य.

तुमच्यासाठीही सोय आहे. कलम 182 अ प्रमाणे नियम मोडून गाडी विकणाऱ्या किंवा तिच्यात फेरबदल करणाऱ्या विक्रेत्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड, आणि तोही गाडीमागे. मे 2022 मध्ये राज्याच्या परिवहन आयुक्तांनी अशा गाड्यांवर मोहीम काढायला सांगितली होती. तेव्हा काळ्या टेपचे भाव वाढले असतील.

तुमची बाजूही ऐकून घेतो. दोन माणसं बसवून 250 वॅटची गाडी राजूर घाट चढत नाही, हे खरं आहे. शेजारून चालणारा माणूसही फार मागे पडणार नाही. मग हिरव्या पाटीची, पासिंगची इलेक्ट्रिक गाडी विका ना! ती घाट चढते आणि तिचा विमाही निघतो. अडचण एवढीच की मग फ्लेक्स उतरवावा लागेल. चीनमध्येही मर्यादा 25 चीच आहे आणि तिथंही तुमचे व्यवसायबंधू होतेच. शेवटी तिथल्या सरकारनं कंट्रोलरच छेडता येणार नाही असा बनवायची सक्ती केली.

वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर थांबायला लागणारं अंतर जवळजवळ चौपट होतं. ब्रेक मात्र तुम्ही पंचविसाच्या हिशेबाचेच ठेवता. त्यात गाडीला आवाज नाही. खामगाव-शेगाव रस्त्यावर गजानन महाराजांची पालखी परतताना हजारो माणसं पायी चालत असतात, मुखी नाम असतं, आणि मागून तुमचं गिऱ्हाईक पंचेचाळीसनं येतं. सकाळी सरकारच्या मानव विकास योजनेतून मिळालेल्या सायकली घेऊन मुली शाळेला निघतात. रस्त्याच्या डाव्या कडेची हातभर जागा तेवढी त्यांची. ट्रक आणि सायकल यांच्यामधून तुमची ‘मोकळी’ गाडी घुसते तेव्हा पोरगी मुरमात उतरते. तिच्या सायकलला वेग बांधून ठेवणारी वायर नाही, पण ती तुमच्या गिऱ्हाइकापेक्षा जास्त कायद्यात चालते.

आणि गुरुजी? त्यांची गाडी खरोखरच पंचविसाची. पण चौकातल्या पोलिसाला मोकळी कुठली आणि बांधलेली कुठली, हे बाहेरून कसं कळणार? तो दोघांनाही अडवतो. गुरुजी पिशवीतून मंजुरीच्या कागदाची झेरॉक्स काढतात आणि उन्हात उभे राहून नियम समजावून सांगतात. तुमचं गिऱ्हाईक तोवर गल्लीतून निघून गेलेलं असतं.

तेव्हा एकच मागणं आहे. वायर सोडायचीच असेल तर बिलावर तसं लिहून द्या: ‘वेगमर्यादा आमच्या दुकानात काढली’. खाली तारीख, सही, शिक्का. अपघात झाला, विमा नाही म्हणून भरपाईसाठी वावर विकायची वेळ आली, की गिऱ्हाइकाला तेवढा कागद कोर्टात दाखवता येईल. दुकानाचा पत्ता बिलावर छापलेला आहेच.

आपला,
डाव्या कडेनं जाणारा एक सायकलवाला