जु. वा. किं. अं.

पोलीस ठाण्यात चोरीची फिर्याद लिहायला घेतली की गेलेल्या प्रत्येक वस्तूपुढं चार अक्षरं येऊन बसतात. जु. वा. किं. अं. जुनी वापरती, किंमत अंदाजे. काळ्या रंगाची सॅक, जु. वा. किं. अं. २०० रुपये. लॅपटॉप, जु. वा. किं. अं. १२,००० रुपये. बारावीचं गुणपत्रक, पदवीचं प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेअर: 'महत्त्वाची कागदपत्रे', किंमत निरंक. लॅपटॉपमध्ये पडून असलेल्या दोन वर्षांच्या नोट्सना तर ओळच नाही. आईनं बांधून दिलेल्या दशम्यांचाही पंचनामा होत नाही.

हे घडतं कसं, ते बघायचं असेल तर सोमवारी सकाळी हिंगोलीच्या बसस्थानकावर उभं राहावं. नांदेडची गाडी फलाटाला लागायच्या आत तिला वेढा पडलेला असतो. दारातून शिरण्यात अर्थ नाही हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत असलेली पोरं खिडकीखाली पळत जातात आणि रुमाल, टोपी, नाहीतर हातातली सॅक आत सीटवर टाकतात. जागा धरली. हा कायदा कुठल्या पुस्तकात नाही, पण एसटीत त्याच्याइतका कडक पाळला जाणारा दुसरा कायदा नाही. मग रेटारेटी, कोपर, कुणाची तरी दुधाची किटली, आणि पोरगं एकदाचं आत पोचतं. सीट मोकळी असते. म्हणजे जागा त्याचीच राहिलेली असते. सॅक तेवढी नसते. शेजारच्या सीटवरचे काका म्हणतात, "तुझी होती व्हय? आता एक पोरगं उचलून खाली गेलं की. मला वाटलं त्याचीच हाय."

इथून पुढं पोराच्या आयुष्यात एकच प्रश्न उरतो: ध्यान कुठं होतं? कंडक्टर विचारतो. ठाणे अंमलदार विचारतात. मामा फोनवर विचारतात आणि उत्तराची वाट न बघता मावशीला फोन लावून तिला विचारतात. चोराला हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण त्याचं ध्यान कुठं होतं हे सगळ्यांना माहीत असतं.

अंमलदार लेखणी उचलतात आणि दुसरा प्रश्न टाकतात. सॅक बसमध्ये गेली की बसला चढताना? पोराला वाटतं, साहेब उगीच पाल्हाळ लावायलेत. पण या प्रश्नात दम आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०३ प्रमाणे साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा. कलम ३०५ प्रमाणे प्रवासी वाहनातून वस्तू चोरली तर सात वर्षांपर्यंत. म्हणजे फलाटावर तीन, पायरी चढलं की सात. देवळातल्या मूर्तीची चोरीही याच ३०५ मध्ये आहे, त्यामुळं नागनाथाच्या गाभाऱ्यातला देव आणि एसटीच्या सीटवरची सॅक कायद्यानं एकाच बाकावर बसवलेत. सॅक खिडकीतून फेकलेली असली तरी आत पडली होती, हे पोरानं ठामपणे सांगावं. घाबरून "तिथंच कुठंतरी गेली असंल" म्हटलं की चोराची चार वर्षं वाचली.

फलाटावरच्या चोरीत आणखी एक गंमत आहे. ३०३ मध्ये माल पाच हजारांच्या आतला असेल तर गुन्हा अदखलपात्र. मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. चोर पहिल्यांदाच सापडला असेल आणि त्यानं माल किंवा मालाची किंमत परत केली, तर त्याला शिक्षा समाजसेवेची. आता जु. वा. किं. अं. ला किती वजन आहे ते लक्षात येईल. सहा वर्षं वापरलेला, बिजागरी तुटलेला, 'एम'चं बटण उडालेला लॅपटॉप. त्याची अंदाजे किंमत ५,१०० लिहिली तर पोलीस यंत्रणा हलते. ४,९०० लिहिली तर वही मिटते. दोन आकड्यांच्या मधे उभी असते ती अंमलदारांची मान. ती एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं हलते. "जुनाच होता की!" जुनाच होता, साहेब. नवा असता तर बापानं काय विकून घेतला असता, हळद का सोयाबीन, तेही लिहून घ्या.

हद्दीचा प्रश्न तर विचारूच नका. चोरी हिंगोलीत लक्षात आली तर बरं. पण पोरगं सॅक वरच्या कप्प्यात ठेवून झोपलं आणि नांदेडात जागं झालं, तर मधे कळमनुरी आहे, आखाडा बाळापूर आहे, वारंगा फाटा आहे आणि पलीकडच्या जिल्ह्यातलं अर्धापूर आहे. सॅक नेमकी कुठं उतरली? हे त्याला माहीत असतं तर तीही उतरली नसती आणि तोही झोपला नसता. वास्तविक नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नं हा घोळ मिटवलाय. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, समोरच्या ठाण्यानं खबर नोंदवून घ्यायची. ऑनलाइनही देता येते, फक्त तीन दिवसांत येऊन सही करायची. ठाण्यात मात्र प्रेमळ सल्ला मिळतो तो वेगळाच: "गहाळ म्हणून लिव्ह ना, लवकर दाखला भेटंल." दाखला खरंच लवकर मिळतो, कारण गहाळ वस्तूला चोर नसतो, आणि चोर नसला की तपासही नसतो. पोलीस खूश, पोरगं खूश, चोर तर सगळ्यात खूश.

रेल्वेनं गेलं असतं तर? २०२४ पासून मुंबईची जनशताब्दी हिंगोलीहून सुटते, हे आपलं वैभव. मात्र एका प्रवाशाच्या कमरेच्या पट्ट्यातले एक लाख रुपये गाडीत गेले होते, त्या प्रकरणात जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय अशा तिन्ही ग्राहक आयोगांनी त्याच्या बाजूनं कौल दिला. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. स्वतःचं सामान स्वतःला सांभाळता आलं नाही तर त्याला रेल्वेच्या सेवेतली त्रुटी म्हणता येणार नाही. थोडक्यात काय, मामा जे फोनवर म्हणाले तेच, फक्त निकालपत्रात.

त्यातल्या त्यात मोबाइलचं दैव बरं. त्याला पंधरा आकडी आयएमईआय असतो. मे २०२३ पासून देशभर चालू असलेल्या सीईआयआर पोर्टलवर तो टाकला की हँडसेट ब्लॉक होतो आणि कुणी त्यात नवं सिम घातलं की माग लागतो. म्हणून पोलिसांच्या मुद्देमाल वाटपाच्या फोटोत बघा, टेबलावर ओळीनं मोबाइलच मांडलेले असतात. एका बाजूला साहेब, एका बाजूला फिर्यादी, मधे फोन, दोघंही कॅमेऱ्याकडं बघतायत. लॅपटॉपला असा आयएमईआय नसतो. त्याला सीरियल नंबर असतो, तो खाली, पोटावर चिकटवलेल्या कागदावर. म्हणजे चोराकडं. शिवाय बिलावर असतो. बिल ईमेलवर आहे. ईमेल उघडायला ओटीपी लागतो. ओटीपी मोबाइलवर येतो. मोबाइल सॅकच्या पुढच्या कप्प्यात चार्जरसोबत ठेवला होता.

यापुढचा प्रवास कागदांचा. लॅपटॉप गेल्यावर माणूस चार दिवस हळहळतो, पण 'ओरिजिनल' गेल्यावर त्याचं वर्ष जातं. शहरातल्या पोरांना कळत नाही की हिंगोलीचं पोरगं सगळ्या मूळ कागदांची फाइल घेऊन हिंडतं कशाला. कारण कुठल्याही खिडकीतून कुठल्याही क्षणी "ओरिजिनल दाखवा" असा आवाज येऊ शकतो आणि परत घरी येऊन जाण्यात दिवस मोडतो. तर आता दहावी-बारावीच्या दुय्यम गुणपत्रकासाठी विभागीय मंडळ, म्हणजे छत्रपती संभाजीनगर. पदवीसाठी नांदेडचं स्वारातीम विद्यापीठ. जात वैधतेसाठी जिल्ह्याची समिती. नॉन-क्रीमीलेअरसाठी सेतू, तिथून तहसील. प्रत्येक ठिकाणी पोलिसांच्या दाखल्याची प्रत आणि शपथपत्र. शपथपत्राला मुद्रांक माफ असल्याचं महसूल खातं सांगतं. खिडकीतला माणूस पाचशेचा बाँड आणा म्हणतो. दोघंही सरकारच आहेत, पण खिडकीतलं सरकार जवळचं. डिजिलॉकर २०१५ पासून आहे, त्यातला कागद कायद्यानं मूळ कागदाच्या बरोबरीचा. तो दाखवला की खिडकीतलं सरकार मोबाइलकडं बघतं, मग पोराकडं बघतं आणि म्हणतं, "याची झेरॉक्स आणा."

कागदाची खरी किंमत ओळखणारा माणूस हिंगोलीत एकदा होऊन गेलाय. इथं निजामाच्या फौजेची छावणी होती तेव्हाची गोष्ट. निजामाच्या चाकरीतला मेडोज टेलर यानं १८३९ साली 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' हे पुस्तक काढलं. त्याच्या प्रस्तावनेत त्यानं हिंगोलीच्या हरीसिंगाची हकिगत दिलीय. हरीसिंग छावणीतला प्रतिष्ठित व्यापारी. खुद्द टेलरचाही त्याच्याशी व्यवहार. या सद्‌गृहस्थानं इथला अधिकारी कॅप्टन रेनॉल्ड्स याच्याकडं अर्ज केला: मुंबईहून कापड आणायचंय, परवाना द्यावा. परवाना मिळाला. कापड होतं दुसऱ्याच व्यापाऱ्याचं आणि ते वाटेत आहे हे हरीसिंगाला पक्कं ठाऊक होतं. त्यानं त्या व्यापाऱ्याला माणसांसकट मारलं, माल सरकारी परवान्यावर हिंगोलीत आणला आणि छावणीत उघड उघड विकला. पुढं धरला गेल्यावर त्यानं स्वतः सांगितलं म्हणून कळलं, नाहीतर कुणाला पत्ताही नव्हता. सांगतानाही त्याला मोठा विनोद केल्यासारखं वाटत होतं म्हणे. जे गेले ते जिवानिशी गेले, तिथं हसण्यासारखं काही नाही. पण चोरीच्या मालाला आधी कागद करून घ्यायचा, ही अक्कल दोनशे वर्षांपूर्वीची आहे. आज चोरट्याकडून लॅपटॉप घेणारा दुकानदार बिल विचारत नाही, आणि मालक परत न्यायला आला की त्याला सगळे बिलच विचारतात.

तपासावर फार राग धरू नये. शांतिनिकेतनच्या संग्रहालयातून मार्च २००४ मध्ये रवींद्रनाथांचं नोबेल पदक गेलं. सीबीआयनं तपास केला, बंद केला, पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला. पदक आजतागायत नाही. नोबेलवाल्यांनी प्रतिकृती दिल्या. म्हणजे डुप्लिकेट तिथंही मिळते. नोबेलचं सोनं ज्यांना सापडलं नाही, त्यांच्या देशात बिजागरी तुटलेल्या लॅपटॉपनं सापडावं ही अपेक्षा जरा जास्तच.

आणि तरी माल परत आल्याची एक गोष्ट आहे, अस्सल मराठी. जुलै २०२४, नेरळ. बंद घर बघून चोर शिरला, टीव्ही आणि आणखी काही वस्तू घेऊन गेला. उरलेलं न्यायला पुन्हा आला, तेव्हा भिंतीवरच्या फोटोकडं त्याचं लक्ष गेलं. घर नारायण सुर्व्यांचं. कवी २०१० मध्येच गेलेले, पण चोराला ओळख पटली. त्यानं नेलेलं सामान आणून ठेवलं आणि माफीची चिठ्ठी लिहून भिंतीला चिकटवली. माल परत यायला पोलीस लागले नाहीत, पंचनामा नाही, बाँड नाही. ही चोरीची बातमी म्हणून छापली गेली, ते चुकलं. ती साहित्याच्या पानावर हवी होती. कामगारांच्या कवीला रात्रीपाळीच्या माणसानं ओळखलं! किती प्राध्यापकांच्या घरात सुर्व्यांचा फोटो ओळखला जाईल, याची पैज मी तरी लावणार नाही. आणि त्या घरातल्या सामानाची जु. वा. किं. अं. किती, हे आमच्या कुठल्याही ठाण्याला जमलं नसतं, ते त्या चोराला एका नजरेत जमलं.

आमच्या पोराचा चोर एवढा वाचणारा निघेल असं नाही. त्याला स्क्रीनवर फोटो दिसतो तो पोराच्या भाचीचा, बाळसं धरलेली, काजळाची तीट लावलेली. खाली पासवर्ड मागितलेला. तो मागत नाही दुकानदार. फॉरमॅट मारतो आणि भाची, दोन वर्षांच्या नोट्स, लोकसेवा आयोगाच्या अर्जाची पावती, सगळं चहा थंड व्हायच्या आत जातं.

बरं, समजा लॅपटॉप सापडला. सापडतातही कधी कधी. ठाण्यातून फोन येतो, पोरगं धावत जातं, ओळख पटवतं. पण मुद्देमाल लगेच हातात येत नाही. कोर्टात अर्ज करावा लागतो. माल ठाण्यात सडू देऊ नका, लवकर परत करा, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगून ठेवलंय. म्हणून तो मिळतो, पण सुपूर्दनाम्यावर. लिहून द्यायचं की खटल्याचा निकाल लागेपर्यंत हा लॅपटॉप विकणार नाही, त्यात बदल करणार नाही आणि बोलावलं की कोर्टात हजर करीन. उडालेलं 'एम'चं बटण बसवायचं की नाही, ते वकिलाला विचारूनच ठरवायचं. बंधपत्राची रक्कम लॅपटॉपपेक्षा मोठी असू शकते. कुठं कुठं जामीनदारही मागतात. स्वतःच्याच लॅपटॉपला जामीन राहायला गावातून कुणी येत नाही, शेवटी मामाच येतात. सातबारा घेऊन, इस्त्रीचा सदरा घालून. सही करायच्या आधी चष्मा पुसतात आणि वकिलाला म्हणतात, "याचं ध्यानच नसतंय हो कुठं."