थंडोपंत

नागपुरात मे महिन्याच्या भर दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. अशा वेळी डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा ठेवून सीताबर्डीकडे निघालेला गृहस्थ दिसला, तर समजावं की हे थंडोपंत आहेत आणि त्यांना पंखा घ्यायचा आहे. छताचा नव्हे. 40 मिलिमीटरचा.

थंडोपंत प्रत्येक कॉलनीत एक तरी असतातच. कधी ते वीज मंडळातून निवृत्त झालेले असतात, कधी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला दुसऱ्यांदा बसलेले. टेबलावर मात्र दोघांच्याही रास्पबेरी पाय असतो : 85 बाय 56 मिलिमीटरची हिरवी पाटी आणि तिच्यावर अख्खा संगणक. 2012 साली पहिली पाटी आली तेव्हा ती तापण्याच्या बाबतीत अगदीच आळशी होती. 2019 मध्ये चौथं मॉडेल आलं. चार कोअर, दीड गिगाहर्ट्‌झ, आणि पंखा नाही. जमातीचं भाग्य उजळलं.

प्रकार तसा साधा आहे. चिप 80 अंशांवर पोचली की पाटी आपणहून वेग कमी करते; 85 झाले की आणखी कमी. जळत नाही, बिघडत नाही, फक्त कामं सावकाश होतात. उन्हाळ्यातल्या सरकारी कचेरीची हीच रीत आहे आणि तिथे कोणी हीटसिंक लावायला जात नाही.

थंडोपंतांना मात्र सावकाश हा शब्द सोसत नाही. वास्तविक त्यांच्या पाटीला घाईने करण्यासारखं कामच नाही. घरातल्या मोबाईलवरच्या जाहिराती अडवणं एवढीच तिची नोकरी, आणि ती झोपेतही करता येते. त्यामुळे पाटी फारशी तापत नाही. आणि तापलीच नाही तर थंड काय करणार? म्हणून थंडोपंत ‘स्ट्रेस-एनजी’ नावाचा प्रोग्रॅम लावतात. तो चारही कोअरना उत्तर कोणालाच नको असलेली गणितं घालतो. पाटी तापते. थंडोपंत कामाला लागतात.

“अहो, त्यावर चालू काय आहे?” काकू विचारतात.

“लोड.”

“कसला?”

“नुसता लोड.”

पहिल्यांदा चिपवर हीटसिंक, म्हणजे उष्णता हवेत सोडणारा धातूचा तुकडा, चिकटवला जातो. मग तो उपटून, पेस्ट बदलून, पुन्हा चिकटवला जातो. नंतर ॲल्युमिनियमची डबी येते, जी स्वतःच हीटसिंक असते. तापमानाचा आकडा सपाट्याने उतरतो, पण धातूच्या डबीत वायफायही गुदमरतं आणि काकूंची मालिका ऐन भांडणात अडकते. डबी माळ्यावर जाते. मग पंखे. एक वरून वारा घालणारा, एक बाजूने, आणि तिसरा या दोघांनी काय केलं ते बाहेर फेकणारा. तिन्ही पाटीच्याच पाच व्होल्टांवर. आता एवढं होऊनही पाटी मंदच, आणि पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते. त्या खुणेचा अर्थ उष्णता असा नाहीच. वीजपुरवठा 4.63 व्होल्टच्या खाली गेला की ती दिसते, आणि तेव्हाही पाटी वेग आवरते. मोबाईलचा जुना चार्जर, सुतळीएवढी केबल आणि वर तीन पंख्यांचा संसार. थंडोपंत ती वीज पाहतात आणि चौथ्या पंख्याचा विचार करतात.

खरी अडचण नागपूरची आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही. हीटसिंक उष्णता गिळत नाही, हवेच्या हवाली करतो. खोली जितकी तापलेली, तितके अंश चिपच्या खात्यात आधीच जमा. पाटी 50 अंशांच्या हवेपर्यंत चालावी असं बनवणाऱ्यांनी लिहून ठेवलं आहे, आणि बाहेर 45 असताना ते वाचून थंडोपंतांच्या डोळ्यांत पाणी येतं. शेवटी ते कुलर ओढून टेबलासमोर लावतात. आणि हे सांगायलाच हवं : हा उपाय चालतो! पाण्याच्या बाष्पीभवनाने हवाच थंड होते, जे कोणत्याही हीटसिंकच्या बापाला जमणार नाही. पूर्ण भारावर सहा-सात वॅट खाणाऱ्या पाटीला दीडशे वॅटचा कुलर. घरची माणसं हातपंख्यावर. काही दिवसांनी पिनांवर क्षारांची पांढरी पुटं चढतात, तेव्हा कुलर मागे सरकतो.

अशाच एका सकाळी आकडा एकाएकी चांगला उतरलेला दिसला. थंडोपंतांनी नव्या पेस्टला श्रेय दिलं आणि शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. घडलं होतं एवढंच, की झाडपूस करणाऱ्या मावशींनी टेबल पुसताना पाटी भिंतीला उभी टेकवली होती. उभ्या पाटीच्या दोन्ही बाजूंनी गरम हवा मोकळी वर जाते. “पुसाले उभी केली जी,” मावशी म्हणाल्या. थंडोपंतांनी ती पुन्हा आडवी केली, मापात फरक नको म्हणून.

2023 मध्ये पाचवं मॉडेल आलं. त्याला पंख्याची जागा कंपनीनेच दिली, आणि 50 अंशांना पंखा हळू सुरू व्हावा, 60, 67.5, 75 असा वाढत जावा, अशी व्यवस्थाही लावली. कंपनीच्या गावी, केंब्रिजमध्ये, तो मधूनमधून थांबत असेल. नागपुरात मे महिन्यात तो एकदा लागला की पावसाळ्याची वाट पाहतो. थंडोपंत यावर नाराज आहेत. कंपनीने सगळं केलं तर माणसाने करायचं काय?

ज्यांच्या पाटीला खरोखर चोवीस तास राबायचं आहे, त्यांनी पाचवं मॉडेल, कंपनीचा पंखा आणि कंपनीचाच चार्जर घ्यावा, आणि दर महिन्याला धूळ झटकावी. बाकीच्यांनी पाटी उभी ठेवावी आणि कुलरचं तोंड कृपा करून घरच्या माणसांकडे वळवावं.