राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ७२

नाग नदीला नाला म्हणणाऱ्या नागपूरकरांनी यापुढे जरा अदबीनं बोलावं. २०१६च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात देशातल्या १११ जलमार्गांची यादी आहे. त्यात मांडवी आहे, झुआरी आहे आणि ७२व्या क्रमांकावर आपली नाग आहे, थेट कन्हानच्या संगमापर्यंत. संसदेनं मंजूर केलंय, राष्ट्रपतींची सही झालीय. होडी तेवढी यायची राहिलीय.

जलमार्ग म्हटला की तो मोकळा ठेवणं आलंच. १९८५च्या कायद्यानं हे काम अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाकडे दिलंय. पात्रात कचरा टाकण्यावर नियंत्रण ठेवायचं, नौकानयनाच्या आड येणारे अडथळे हटवायचे, सगळं कलम १४मध्ये आहे. त्यातच एक गंमत दडलीय. अडथळा कायदेशीर असेल, किंवा वर्षानुवर्षं तिथंच राहून कायदेशीर झाला असेल, तर तो हटवताना भरपाई द्यायची! म्हणजे नदीत भिंत घाला आणि चिकाटी सोडू नका. (पेन्शन याहून वेगळी काय असते, बाप्पा?)

प्रत्यक्षात उन्हाळा लागला की महापालिकेचं पोकलेन पात्रात उतरतं. गाळ, प्लास्टिक, फाटक्या गाद्या, थर्माकोल वर येतं, काठावर ढीग लागतो. टिप्पर वेळेवर आला तर ठीक, नाहीतर पहिल्या दमदार पावसात ढीग पुन्हा माहेरी.

२३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागच्या वाटेवरचा अंबाझरी तलाव ओसंडला. जलमार्गावर कधी न दिसलेल्या बोटी त्या दिवशी वस्त्यांमध्ये फिरल्या, अडकलेली माणसं बाहेर काढायला. जीवही गेले. मग कुठे सांडव्यासमोरच्या बांधकामांची चर्चा सुरू झाली आणि प्रकरण उच्च न्यायालयात पोचलं.

शिक्षेचं म्हणाल, तर सार्वजनिक रस्ता किंवा जलमार्ग अडवणाऱ्याला १८६०च्या दंड संहितेत कलम २८३ होतं. दंड, फार तर २०० रुपये. आता न्याय संहितेच्या कलम २८५मध्ये तो ५,००० रुपयांपर्यंत गेलाय. पण हे कलम आपल्याकडे लागतं कुणाला? हातगाडीवाल्याला. नदीवर स्लॅब टाकणाऱ्याला ते लागल्याचं ऐकिवात नाही.

प्राधिकरणाला एवढीच विनंती: यादीतून ७२ नंबर खोडा, नाहीतर येत्या पावसाळ्याआधी कलम १४ घेऊन एकदा नागपूरला या. बोट आणू नका. टिप्पर आणा.