डिस्क घरी आणा

‘वहिनी, ऐकलंत का? आमच्या शेजारच्या गाळ्यातलं हिशोबाचं टॅली गेलं! फाइलींची नावंच बदललेली, आणि स्क्रीनवर चिठ्ठी : पैसे भरा, मग कुलूप उघडतो.’

‘अगं बाई! चाकणच्या कंपनीचं जॉबवर्क करतात तेच ना?’

‘तेच. बिलं, चलनं, ड्रॉइंग, सगळं गेलं. मालक म्हणतात, बॅकअप होता हो! होता ना, पण बारा महिने त्याच कॉम्प्युटरला खोचून ठेवलेल्या डिस्कवर. तिलाही कुलूप लागलं.’

‘आमचे हे म्हणतात, लहान वर्कशॉपकडे कोण बघतंय?’

‘बघायला लागतंच कुठे! मेलमधली “इन्व्हॉइस” नावाची फाइल कुणीतरी उघडतं, झालं काम. आणि मोठे तरी कुठे सुटले? फेब्रुवारी २०२१ मध्ये आपल्याच पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटीच्या २७ सर्व्हरवर असाच हल्ला झाला. काम टेक महिंद्राकडे होतं. निगडी पोलिसांत तक्रार, ५ कोटींचं नुकसान म्हणून. त्याआधी जून २०१७ मध्ये मर्स्क या जहाज कंपनीची जगभरची कॉम्प्युटर बसली, न्हावा शेव्याचं त्यांचं टर्मिनलसुद्धा. त्यांचा एक महत्त्वाचा सर्व्हर फक्त आफ्रिकेत, घानात वाचला. का, माहितीये? तिथली वीज गेली होती!’

‘म्हणजे वीज जाण्याचाही उपयोग असतो म्हणायचा. महावितरणला सांगू नका हं.’

‘तारेने जोडलेलं नव्हतं ते वाचलं, एवढंच. म्हणून आमच्याकडे दोन डिस्क. रोज निघताना सगळ्यांना टॅलीतून बाहेर काढायचं, बॅकअप घ्यायचा, डिस्क उपसून ड्रॉवरमध्ये. दुसरी माझ्या पर्समध्ये, घरी. उद्या ऑफिसला आग लागली तरी हिशोब शाबूत. गुरुवारी एमआयडीसी बंद, म्हणून बुधवारी अदलाबदल.’

‘आणि पर्स चोरीला गेली तर?’

‘डिस्कला पासवर्ड आहे. पर्सला नाही, ते दुःख वेगळं.’

‘आमचं सगळं गूगल ड्राइव्हवर चढतं म्हणे.’

‘इथलं बिघडलं की बिघडलेलंच तिकडे चढतं! जुनी आवृत्ती काही दिवस मिळते, पण वेळेत लक्षात यायला हवं ना. ऑनलाइन कॉपी आमचीही आहे; प्रायव्हेट लिमिटेड ना आम्ही. ऑगस्ट २०२२ पासून हिशोबांचा बॅकअप रोज, तोही भारतातल्या सर्व्हरवर हवा, असा नियमच झालाय. सीए प्रत्येक वेळी विचारतात. पण मला विचाराल तर खरं काम पुढचं. महिन्यातून एकदा जुन्या लॅपटॉपवर बॅकअप उघडायचा आणि गेल्या वर्षीचं एखादं बिल काढून दाखवायचं. नाही निघालं, तर तो बॅकअप कसला? तसाच व्हीएमसी मशीनच्या प्रोग्रॅमचाही बॅकअप हवा. ते ऑपरेटरच्या पेनड्राइव्हवर असतात आणि ऑपरेटर दिवाळीनंतर दुसरीकडे जातो.’

‘हे सगळं करायचं कुणी? आमच्याकडे तर ज्याला वेळ असेल तो.’

‘मग कुणीच करत नसणार. आमच्याकडे रजिस्टर आहे, रोज माझी सही. मी रजेवर असले की स्टोअरच्या पोराची. आज बुधवार आहे वहिनी. भाऊजी अजून निघाले नसतील. फोन लावा आणि सांगा, डिस्क काढून घरी घेऊन या.’