दार नसलेला क्लब

पुण्याहून भाचा आला. नोकरी हिंजवडीत आणि शनिवारची रात्र कोरेगाव पार्कात, अशी त्याची विभागणी. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी त्याने विचारलं, "मामा, हिंगोलीत क्लब नाही का एखादा?" मी काही बोलायच्या आत शेजारचे काका कुंपणावरून डोकावले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "होता की. परवा धाड पडली. आता जागा बदलली म्हणायलेत."

भाच्याला उलगडा व्हायला पाच मिनिटं लागली. आमच्याकडे क्लब म्हणजे पत्त्यांचा. तिथे नाचायची पाळी येते ती फक्त पोलिसांची गाडी दिसल्यावर.

पण त्याला हवा होता तो क्लबही आमच्याकडे आहे, हे त्याच रात्री सिद्ध झालं. आधी मांडणीवरचे डबे बोलू लागले. मग खिडकीची काच. मग माझ्या छातीत डाव्या बाजूला असं काही धडधडलं की तरुणपणी मी ते प्रेम समजलो असतो. आता रक्तदाबाची गोळी शोधली. चौकात वरात आली होती.

"चल, दाखवतो," म्हटलं. "हा आमचा क्लब. प्रवेश फुकट, पत्रिका नसली तरी चालतं. ड्रेसकोड फेटा. बाउन्सर म्हणजे नवरदेवाचा मामा. तुमच्याकडचा बाउन्सर माणसं बाहेर काढतो, आमचा रस्त्याने जाणाऱ्याला मनगट धरून आत ओढतो. तुम्हाला गाण्याकडे जावं लागतं, आमच्याकडे गाणंच गावभर फिरायला निघतं आणि प्रत्येक घरासमोर दहा-दहा मिनिटं थांबतं."

"मस्तच की!" भाचा म्हणाला. निदान त्याच्या ओठांवरून तसं वाटलं.

हिंगोलीला वाजंत्र्यांची परंपरा मोठी. निजामाच्या काळात इथे लष्कराची छावणी होती. देशभरातल्या अशा छावण्यांतल्या गोऱ्या फौजा गेल्या. त्यांचे झालरीचे कोट आणि पितळी बटणं मात्र लग्नाच्या बँडवाल्यांच्या अंगावर राहिली. त्या बँडमध्ये एक क्लॅरिनेटवाला असायचा. गाल फुगवून तो जीव तोडून वाजवायचा, पण अधूनमधून त्याला श्वास घ्यावा लागायचा. तेवढ्यात शेजारीपाजारीही घेऊन टाकायचे. मग बेंजो पार्टी आली. बेंजोवाल्याची बोटं दुखायची. मग डीजे आला. जनरेटरला फुफ्फुसं नसतात, बोटं नसतात. त्याला फक्त डिझेल लागतं आणि ते नवरदेवाच्या मित्रांनी वर्गणी काढून आधीच भरलेलं असतं.

नाचाचंही तसंच झालं. पूर्वी वरातीत नागीण डान्स असायचा. एकाच्या दातांत रुमाल, दुसरा जमिनीवर आडवा, आणि बँडवाला कमरेत वाकून त्या नागाच्या फण्यावर क्लॅरिनेट रोखून उभा. विजारीचा गुडघा फाटायचा, आई ओरडायची. पण नाचायचा तो माणूस, वाजवणारा त्याच्या पायांकडे बघून वाजवायचा. २०१६ साली 'सैराट'मधलं 'झिंगाट' गल्लोगल्ली पोचलं, तेव्हासुद्धा नाचताना शब्द कानावर पडायचे. आता स्पीकरची भिंत आयशरवर चढून येते, तिच्यापुढे पोरं गर्दी करून उभी राहतात आणि बाकीचं काम बेसवर सोपवतात. अंग आपोआप हलतं. हात रिकामे नसतात, त्यात मोबाइल असतो. कोणतं गाणं वाजलं हे दुसऱ्या दिवशी व्हिडिओ पाहिल्यावर कळतं.

याला कायदा नाही असं नाही. कायदा आहे, आणि तो फार सुसंस्कृत आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते बजावलं. आता दोन माणसांचं साधं बोलणंच साठाच्या घरात जातं. म्हणजे आमच्या काकूंनी नातवाला जेवायला हाक मारली की नियमभंग होतो. आणि डेसिबलचं गणित वाण्याच्या हिशोबासारखं सरळ नसतं. आकडा दहाने वाढला की आवाजाची ताकद दहापट होते. पंचावन्नाचे एकशे पाच झाले तर एक लाखपट. लग्नात इतकी भरघोस वाढ दुसऱ्या कशातच होत नाही, आहेरात तर नाहीच.

बरोबर दहाला साहेबांची गाडी येते. "बंद करा." "साहेब, शेवटचं एक." साहेबही माणूस आहेत, त्यांचंही कधीतरी लग्न झालेलं असतं. ते एका गाण्याची परवानगी देतात. ते एक गाणं बावीस मिनिटांचं असतं, कारण ते नॉनस्टॉप मिक्स असतं.

या सगळ्यात खरी गंमत पुढेच आहे. याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळ, 'लायगो-इंडिया' ही प्रयोगशाळा व्हायची आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात दोन नळ्या, एकेक ४ किलोमीटर लांब. काम काय, तर प्रोटॉनच्या जाडीच्या दहाहजाराव्या हिश्श्याएवढी थरथर टिपायची. अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिल्यांदा गुरुत्वीय लहर पकडली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फेरे घेत एक झाली, त्याची ती लहर. तिची कंपनं ३५ ते २५० हर्ट्झ. म्हणजे बेसच! विश्वातलं एवढं थोर लग्न, आणि वाजलं किती? सेकंदाचा पाचवा हिस्सा. ना मामा, ना शेवटचं एक.

जागा निवडताना शास्त्रज्ञांनी जमिनीखालची कंपनं तपासली. वर चौकात काय चालतं ते त्यांना कोणी सांगितलं नसावं. एक दिवस यंत्रात मोठा ठोका उमटेल, जगभरचे शास्त्रज्ञ उठून बसतील, आणि चौकशीअंती कळेल की कृष्णविवरं जागच्या जागी आहेत, शिरडशहापूरच्या बाजूला टिळा होता.

अर्थात आमच्या जमिनीलाही हौस आहेच. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात वर्षानुवर्षं भूगर्भातून गूढ आवाज येतात. १० जुलै २०२४ रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला. भांडी वाजली, पंखा हलला. बायको ओट्यापाशी म्हणाली, "इतक्या सकाळी कोणाची वरात?" आम्ही घराबाहेर पळालो नाही. दारं-खिडक्या लावून आत बसलो. भांडी वाजली की काय करायचं, ते डीजेने आम्हाला शिकवून ठेवलं होतं.

भाच्याकडे यावर तोडगा होता. गोव्यात पाळोळ्याला रात्री दहानंतर लोक कानाला हेडफोन लावून नाचतात. ज्याचं गाणं त्याच्या कानात, समुद्र आपला शांत. मी ती वरात इथे डोळ्यांसमोर आणून पाहिली. पन्नास माणसं, पुढे घोडा, कुठे चकार आवाज नाही, आणि सगळे घामाघूम होऊन उड्या मारताहेत. ओसरीवरच्या आजी हात जोडून विचारतील, "कोण गेलं बाई?" तोडगा बाद झाला. शिवाय व्याह्यांना ऐकू गेलं नाही, तर खर्च केला कशाला?

त्या रात्री मला सारखं औंढ्याचं देऊळ आठवत होतं. नामदेव महाराज याच जिल्ह्यातल्या नरसीचे. कीर्तनाला समोर उभं राहू दिलं नाही म्हणून ते देवळामागे गेले, तर देऊळच त्यांच्याकडे फिरलं, असं आमच्याकडे लहानपणापासून सांगतात. टाळ, मृदंग आणि एक माणूस, एवढ्यावर दगडी देऊळ फिरलं. आता अठरा इंची सबवुफरची भिंत लावून फिरतं ते शेजाऱ्याचं तोंड.

दहा वाजून बावीस मिनिटांनी शांतता झाली. भाच्याच्या कानात शिट्टी वाजत होती. तो म्हणाला, "मामा, आमच्या क्लबात याहून जास्त आवाज असतो. पण नको झालं की मी बाहेर येतो." या पोराला पगार कशाचा मिळतो ते मला तेव्हा कळलं. क्लबला दार असतं. ज्याला नाचायचंय तो आत जातो, ज्याला पुरे झालं तो बाहेर येतो. आमच्या क्लबात बारावीचा अभ्यास करणारी पोरगी आत असते, बायपास झालेले आजोबा आत असतात, दावणीची म्हैस आत असते. बाहेर कोणीच नसतं.

आयशरपाशी ऑपरेटर वायरी गुंडाळत होता. पंचविशीचा पोरगा, दोन्ही कानांत कापूस. त्याने एका कानातला काढला.

"मग तुला आवाज कळतो कसा रे?" मी विचारलं.

"ऐकून कोण वाजवतंय, मालक? मामाच्या तोंडाकडं बघायचं. हसायला लागला की बेस वाढवायचा."

"आणि तुझ्या लग्नात काय लावलं होतंस?"

तो लाजला. "सनई. पेनड्राइव्हवर. घरचे म्हणले, दिवसभर काम केलंस, आज तरी झोपू दे."

कापूस परत कानात घालून तो केबिनमध्ये चढला आणि दार ओढून घेतलं. आमच्या क्लबाला तेवढं एकच दार आहे. ते आतून लागतं.