हवेतून मोजणी

ड्रोनच्या खोक्यावर ‘नवशिक्यांसाठी’ असं छापलेलं असतं. ते उडवण्यापुरतं खरं आहे. दोन्ही दांड्यांवरचे अंगठे उचलले की तो जीपीएसच्या भरवशावर हवेत जागच्या जागी उभा राहतो. म्हणजे संकटकाळी काय करायचं, तर काहीच करायचं नाही. सरकारी कचेरीत हयात घालवलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. अवघड असतं ते जमिनीवरचं.

पहिली भानगड वजनाची. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो आणि त्यापुढे 2 किलोपर्यंतचा मायक्रो. नॅनोला कागदपत्रांचा जाच कमी, म्हणून कित्येक छोटे ड्रोन 249 ग्रॅमवर आणून थांबवलेले असतात. दुकानदाराने पात्यांभोवती लावायची प्लास्टिकची कडी मला वर फुकट दिली, “सुरुवातीला लावाच, काका” म्हणून. घरी आल्यावर बायकोने ओट्यावरच्या काट्यावरून रव्याची वाटी उचलली आणि कड्यांसकट ड्रोन ठेवला. काटा अडीचशेच्या बराच पुढे गेला. थोडक्यात, कोणाला इजा होऊ नये म्हणून कडी लावली की सरकारदरबारी ड्रोन जास्त धोक्याचा ठरतो.

“मग काढा ती कडी,” बायको म्हणाली. “बोटं गेली तर तुमचीच जातील, नियम तरी मोडणार नाही.”

दुसरी भानगड जागेची. सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर देश लाल, पिवळा आणि हिरवा असा रंगवलेला आहे. हिरव्यात 400 फुटांपर्यंत बिनधास्त उडवा, पिवळ्यात परवानगी काढा, लाल दिसला की ड्रोन पिशवीतच राहू द्या. आता पुण्यात लोहगावला हवाई दलाचा तळ, खडकवासल्याला एनडीए, मधल्या भागात लष्कराची छावणी. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंत मोकळीक आहे, पण तिथे आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा लाल झोन सुरू होतो. “वरच्या मजल्यावरच्या बायका काय म्हणतील?” हा त्यांचा प्रश्न. वरच्या मजल्यावर ते स्वतःच राहतात.

म्हणून आजोळ गाठलं. जुन्नर तालुका. मनात शिवनेरी होता, पण किल्ला पुरातत्त्व खात्याचा, तिथे परवानगीशिवाय ड्रोन चालत नाही. राहिलं धाकट्या मामांचं वावर. त्याआधी पोलीस पाटलांच्या कानावर घातलं, कारण 2024 च्या पावसाळ्यात बीड, संभाजीनगर, नगर, पुणे अशा जिल्ह्यांतल्या गावांत रात्री ड्रोन घिरट्या घालतात म्हणून लोक काठ्या घेऊन जागत होते. चोर वरून घरं हेरतात, अशी आवई होती. पाटलांनी माझा ड्रोन तळहातावर घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाले, “दिवसा उडवा. रात्री दिसला, तर मी तुम्हाला ओळखत नाही.”

नव्या जागी गेलं की ड्रोनच्या होकायंत्राची दिशा लावून घ्यावी लागते. त्यासाठी तो आडवा धरून स्वतःभोवती पूर्ण गिरकी घ्यायची, मग नाक जमिनीकडे करून पुन्हा एक. खुरपणीच्या बायका हातातलं काम टाकून बघत होत्या. त्यातली एक म्हातारी म्हणाली, “दिष्ट काढताय व्हय? मीठ-मोहऱ्या तरी घ्या की.”

ड्रोन वर गेला आणि माझं स्वातंत्र्य संपलं. तोवर मी हिरवे डोंगर, वळणावळणाची नदी वगैरे टिपायच्या बेतात होतो. खालच्या मंडळींना डोंगर रोजचेच. प्रत्येकाचं काही ना काही काम वर्षानुवर्षं अडून राहिलेलं, आणि ते वरूनच होणारं.

“भाचं, जरा उसावरनं न्या. बिबट्या हाय का बघू.”

जुन्नरला हा थट्टेचा विषय नाही, त्यामुळे नेला. वाढलेला ऊस वरून म्हणजे नुसता पाचटाचा पसारा. आत हत्ती बसला असता तरी माझ्या कॅमेऱ्याला दिसला नसता. त्याला उष्णता टिपणारा कॅमेरा लागतो. हे मी सांगेपर्यंत उपरण्याची सावली धरून दहा डोकी मोबाइलवर वाकली होती. एकाला शेपूट दिसली, दुसऱ्याला पिल्लं. तेवढ्यात बॅटरी उतरली. खोक्यावरची मिनिटं वारा पडलेला असताना मोजलेली असतात, आणि जुन्नरचा वारा ती वाचत नाही. अशा वेळी ड्रोन कोणाला न विचारता माघारी फिरतो.

“भ्यालं,” मागून निकाल आला.

दुसऱ्या दिवशी खरं काम निघालं. गावठाणाची ड्रोनने मोजणी करणारी केंद्राची स्वामित्व योजना 2020 साली सुरू झाली. तेव्हा घरांच्या हद्दींवर चुन्याच्या रेघा मारायच्या, मग वरून ड्रोन फिरायचा आणि पुढे मिळकत पत्रिका निघायची. मामांच्या डोक्यात एवढंच पक्कं बसलेलं: चुना खाली, ड्रोन वर, की जमीन आपली. मी सकाळी वावरात पोहोचतो तर मामा घमेलं घेऊन बांधावर ओणवे. रेघ सरळ होती, फक्त बांधाच्या मधोमध नव्हती. पलीकडच्या उतारावर, शेजाऱ्याच्या मेथीला लागून होती.

“मामा, ती योजना गावठाणापुरती. शेताला चालत नाही. आणि माझा ड्रोन सरकारी नाही.”

“तू सरकारी हायेस ना?”

“होतो.”

“मग झालं.”

शेजारी आला. रेघ बघितली, काही बोलला नाही, घरी जाऊन त्याने स्वतःचं घमेलं आणलं. तासाभरात एका बांधाला दोन हद्दी झाल्या. मधल्या हातभर पट्टीत बोरीचं झुडूप होतं. त्याला कधी बोर धरलेलं कोणी पाहिलं नव्हतं. मी ड्रोन चढवला. आणि सांगायला हवं, ते दृश्य सुंदर होतं: तपकिरी रान, त्यात दोन पांढऱ्याशुभ्र रेघा, आणि दोन टोकांना दोन म्हातारे कमरेवर हात देऊन वर बघताहेत. एक घार खाली झेपावली, तसा मी ड्रोन सरळ वर काढला, कारण घारीला झेप सोपी, चढण जड. दोघेही ओरडले, “खाली घ्या, रेघ दिसंना!”

व्हिडिओ मामांनी भावकीत फिरवला. पंधरवड्यात शेजाऱ्याने लग्नाचं शूटिंग करणाऱ्या पोराला बोलावून आपल्या बाजूने व्हिडिओ काढला, मागे सनई-चौघडा लावून. त्याचा ड्रोन मोठा, त्यामुळे त्याच्या पुराव्यात वजन जास्त, अशी चिंता मामांना लागली. शेवटी दोघे मोबाइल घेऊन तलाठ्याकडे गेले. तलाठ्याने दोन्ही व्हिडिओ अगदी शेवटपर्यंत पाहिले, सनईसकट. मग मोबाइल परत दिले आणि सांगितलं, “भूमी अभिलेखला अर्ज करा, मोजणीची फी भरा. आणि तो लग्नवाल्या पोराचा नंबर द्या, आमच्याकडे मे महिन्यात कार्य आहे.”